चाकोरीच्या मापाची मोटार

मुरुम,
संक्रांतीनंतरचा शुक्रवार

चि. वीरप्पास,

रुद्रम्माचे आशीर्वाद. तुझी प्रकृती कशी आहे? पायाची सूज उतरली असेल अशी आशा आहे. उतरली नसेल तर का उतरली नाही ते मला ठाऊक आहे, पण आज तो विषय नाही. तुझ्या बायकोने पाठवलेला तिळगूळ पोचला. निघताना त्याचे लाडू असावेत. इथं आला तेव्हा त्याचा एकच धोंडा झाला होता. तो अजीजाबीने वरवंट्याने फोडला आणि आम्ही दोघींनी, पद्धतीप्रमाणे एकमेकींशी गोड बोलत, दोन दिवस चघळला. माझी प्रकृती उत्तम आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईची प्रकृती उत्तम असली की नातेवाइकांची जरा अडचण होते, हे मला समजतं. पण त्यावर माझ्यापाशी उपाय नाही.

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणावं की तार, असा प्रश्न पडला. 'अक्का, स्पेसर बसवू नकोस. गाडी विकून टाक. पुण्याला ये.' मी तुला एक प्रश्न विचारला होता. तू तीन उत्तरं दिलीस, त्यातली दोन न विचारलेल्या प्रश्नांची. हैदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला सांगत, की विचारलं असेल त्याचंच उत्तर द्यावं, पूर्ण वाक्यात द्यावं आणि कारण द्यावं. (त्या मला रूबी म्हणत, कारण रुद्रम्मा हे नाव त्यांच्या जिभेवर बसत नसे. त्यांची आयर्लंडातली नावं मात्र माझ्या जिभेवर बसलीच पाहिजेत असा त्यांचा आग्रह होता, आणि ती बसली.) मी तुला भाऊ म्हणून विचारलं नव्हतं, एंजिनियर म्हणून विचारलं होतं. भाऊ म्हणून तुझं मत काय असणार ते विचारण्याची गरजच नव्हती. तेव्हा आता सगळी हकीकत सविस्तर लिहिते. वाचताना पानं गाळू नकोस. तू लहानपणी गाळायचास आणि मला कळायचं.

मोटार मी का घेतली, हे तुम्ही सगळे सोयीस्करपणे विसरता, म्हणून पुन्हा सांगते. ढोकीला साखर कारखान्याची यंत्रं बसवायला जे परदेशी साहेब आले होते, त्यांतला एक मायदेशी जाताना आपली गाडी विकून गेला. बाटलीच्या काचेसारखी हिरवी, छप्पर नसलेली, दोन माणसांची आणि शर्यतीत पळवायची. तिच्यात बसलं म्हणजे आपण जमिनीवर पाय पसरून बसलो आहोत आणि जमीनच पळते आहे असं वाटतं. तिला गिऱ्हाईक मिळेना, कारण तिच्यात कडब्याची पेंढी मावत नाही आणि वऱ्हाड मावत नाही. मी त्याच महिन्यात मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस-पदावरून निवृत्त झाले होते. निजामाचं सरकार, मग हैदराबादचं सरकार, मग मुंबईचं, मग महाराष्ट्राचं, एवढ्या सरकारांची नोकरी करून मला निरोपाला एक शाल मिळाली. ती शाल आता मोटारीच्या आसनावर आहे. उरलेलं आयुष्य मी दारातल्या खुर्चीवर बसून रस्त्याकडे बघत काढावं अशी सर्वांची अपेक्षा होती. मी रस्त्यावर जाऊन खुर्चीवर बसते, एवढाच फरक. त्यावर सगळ्या गोतावळ्याने तोंडात बोटं घातली. तोंडं मोकळी झाल्यावर त्यांतून काय काय बाहेर आलं, तेही माझ्या कानांवर आलं आहे.

आता मोटारीचं काम काय ते सांगते. मुरुमाहून दोन कोसांवर नागझरवाडी आहे. ओढ्यापर्यंत खडीचा चांगला सपाट रस्ता, ओढा ओलांडला की पुढं नुसती गाडीवाट. वाडीत चौथीपर्यंत शाळा आहे. चौथी झाली की मुलगे मुरुमाच्या शाळेत येतात आणि मुली येत नाहीत. वाडीचा रिवाज असा, की पोरीने शाळेसाठी गावची शीव ओलांडायची नाही. (याच पोरी खुरपायला शीव ओलांडतात, शेळ्यांमागे ओलांडतात, बापाची भाकरी घेऊन पार ओढ्याच्या अलीकडच्या शेतापर्यंत येतात, लगीनसराईत तर चालत मुरुमाचा बाजार करून जातात. तेव्हा शीव दिसत नाही. डोक्यावर पाटी असली की दिसत नाही आणि हातात पाटी असली की दिसते.) नोकरीत असताना मी दर वर्षी वाडीला जाऊन भांडले आणि दर वर्षी चहा पिऊन परत आले. निवृत्त झाल्यावर ठरवलं, की पोरी शाळेकडे येत नाहीत तर शाळेने पोरींकडे जावं. चौथी होऊन घरी बसलेल्या पोरी गोळा केल्या. मार्चात त्यांना मुरुमाच्या शाळेत बाहेरून परीक्षेला बसवायचं आणि पास झाल्या की पाचवी, सहावी ओलांडून थेट सातवीत घालायचं, असं हेडमास्तरांकडून कबूल करून घेतलं आहे. (परीक्षेला तरी पोरी शीव कशा ओलांडणार, ते मार्चात बघू.) आता ही संधी गेली तर पुढच्या वर्षी त्यांतल्या निम्म्या लग्न होऊन गेलेल्या असतील.

जागा दिली शरणबसप्पा पाटलांनी, चावडीतली मागची खोली. पाटील माणूस शब्दाचा पक्का आहे, आणि अडचण तीच आहे. ते म्हणाले, "बाई, खोली मला बियाण्याला पायजे. तुमी वेळेवर येताय तोवर तुमची. ज्या दिवशी न्हाय आला, त्या दिवसापासून बियाण्याची." मी होय म्हटलं. गाडीवाटेने बैलगाडीत जायचं तर सगळी दुपार जाण्यात जाते आणि संध्याकाळ येण्यात. यष्टी तिकडे जात नाही. चालत जाण्याइतके माझे गुडघे आता आज्ञाधारक राहिलेले नाहीत. तेव्हा मोटार हा माझा षोक नाही, वीरप्पा, मोटार म्हणजे ती खोली आहे, आणि खोली म्हणजे त्या पोरींची सातवी. हे नीट डोक्यात ठेवून पुढचं वाच.

पावसाळ्यात त्या काळ्या मातीच्या वाटेवरून गाड्या जाऊन जाऊन दोन खोल चाकोऱ्या पडतात. थंडी पडली की त्या भाजलेल्या विटेसारख्या कडक होतात. मग उसाच्या गाड्या सुरू होतात आणि चाकोऱ्या आणखी खोल जातात. बैलगाडीची चाकं त्यांत बरोबर बसतात, कारण इकडचे सगळे सुतार एकाच मापाने आख करतात. माझी मोटार मात्र परमुलखातली. तिच्या चाकांतलं अंतर चाकोऱ्यांच्या अंतरापेक्षा कमी. त्यामुळे एक चाक चाकोरीत आणि दुसरं मधल्या वरंब्यावर, अशी ती तिरकी चालते. उजवीकडे मी स्टेअरिंग धरून खाली, आणि डावीकडे अजीजाबी वर. (अजीजाबी आमच्या शाळेची शिपाईबाई. माझ्यापाठोपाठ तीही निवृत्त झाली. मी एकटीने मोटारीतून जाणं तिला शोभेसं वाटत नाही म्हणून ती सोबत येते. दोघी म्हाताऱ्या उघड्या हिरव्या गाडीतून गेल्याने शोभा कशी वाढते ते मी तिला विचारलेलं नाही.) तिच्या मांडीवर फळा, काखेत नकाशांची गुंडाळी. ओढा ओलांडला, की आधी फळा माझ्या अंगावर येतो, मग भारताचा नकाशा, मग अजीजाबी. मी स्टेअरिंग सोडू शकत नाही आणि ती माझी मान सोडू शकत नाही. असं आम्ही वाडीत शिरायचो. पोरी हसत नसत, हे मी त्यांच्या चांगल्या वळणाचं लक्षण मानते. अजीजाबी एकदा म्हणाली, "बाई, तुमच्या मोटारीपरीस बैल बरं. बैल निदान पुढं बघून पाय टाकतंय." मी तिला सांगितलं, की बैलाला सातवीत जायच्या परीक्षेची तारीख ठाऊक नसते.

तिरकं जाण्याला माझी हरकत नव्हती. हरकत उशिराला होती. अशी गाडी पायी चालल्याच्या वेगानेच न्यावी लागे. एकदा पोचले तेव्हा पाटील चावडीच्या पायरीवर उभे राहून सूर्याकडे बघत होते. दुसऱ्या खेपेला त्यांनी सूर्याकडे बघणं सोडून दिलं होतं आणि सोप्यात करडईची पोती येऊन पडली होती. पोती अजून खोलीत गेलेली नव्हती, नुसती दाराशी टेकवून ठेवली होती, जशी माणसं एखाद्याच्या आजारपणात येऊन बसतात. त्या दिवशी मी पोरींना भूगोल शिकवला, पण माझं लक्ष पोत्यांवर होतं.

त्या संध्याकाळी मी मुनवरकडे गेले. मुनवर हा इथला मोटार-मेकॅनिक. त्याचा स्वतःवर इतका विश्वास आहे, की मोटारीवर विश्वास ठेवायला त्याच्याजवळ जागा उरलेली नाही. त्याने माझं सगळं ऐकलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "बाई, रस्ता गाडीच्या मापाचा होत न्हाय. आपण गाडी रस्त्याच्या मापाची करू." त्याचं म्हणणं असं, की चाक आणि चाक जिथं बसतं ती जागा, यांच्यामधे जाड लोखंडी चकती घालायची. चारही चाकांना चार चकत्या घातल्या की चाकं बाहेर सरकतात आणि दोन्ही चाकोऱ्यांत बरोबर बसतात. तू ज्याला स्पेसर म्हणतोस ते हेच. मला ते पटलं. तसं ते कुणालाही पटेल, आणि मुरुमातल्या सगळ्यांना पटलंही. सुताराने वाटेवर जाऊन काठीने माप घेतलं. काठी मोटारीवर आडवी धरली. दोन्ही बाजूंना चार चार बोटं कमी भरली. चार बोटं जाडीची चकती म्हणजे चकती कसली, तो लोखंडाचा रोट. पण मुनवर म्हणाला, तेलाच्या गिरणीतल्या लेथवर तो ती घासून काढील, बोल्टही लांब करील, आणि मग मला चाकं दिसणार नाहीत, नुसता वेग दिसेल.

तरी मी घाई केली नाही. तुला विचारलं. उत्तर येईपर्यंत मी या प्रश्नाचा जितका विचार केला, तितका माझ्या लग्नाचा आपल्या वडिलांनीही केला नसेल. (त्यांनी थोडा कमी केला म्हणूनच मी अविवाहित राहिले आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.) पाटलांचं मत पडलं, की देवाने जेवढं रुंद केलं तेवढं ठेवावं. मी म्हटलं, मोटार देवाने केलेली नाही. ते म्हणाले, "मग तर सोडूनच द्या, बाई." आमच्या शेजारच्या वकिलांनी सांगितलं, की चाकं मडगार्डच्या बाहेर काढणं कायद्यात बसत नाही. मी विचारलं, कुठल्या कायद्यात? तर म्हणाले, बघून सांगतो. अजून बघताहेत. आणि तुझं ते तीन वाक्यांचं पत्र आलं, त्यात कारणाचा पत्ता नाही. कारणं मग मीच शोधली. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर भार पडणार, स्टेअरिंग जड होणार, चिखल अंगावर उडणार. हे सगळं तू लिहायला हवं होतंस. मी तुझ्या वतीने मुनवरला ते ऐकवलं. तो म्हणाला, "साहेब पुण्यात पूल बांधतात. पूल कुठं हालतोय?" एका बाजूला तुझं बेअरिंग आणि दुसऱ्या बाजूला दाराशी टेकलेली पोती. मी चकत्या बसवल्या.

होय, बसवल्या. श्वास घे.

चकत्या बसवलेली मोटार कोपरं बाहेर काढून तालमीतून निघालेल्या पहिलवानासारखी दिसते. खडीच्या रस्त्यावर ती खडे थेट कानशिलावर मारते, म्हणून आता मी आणि अजीजाबी डोक्याला पंचा बांधतो. पण ओढा ओलांडला आणि चारही चाकं चाकोऱ्यांत उतरली, तो क्षण मी विसरणार नाही. मोटार सरळ झाली. फळा अजीजाबीच्या मांडीवर राहिला, भारत तिच्या काखेत राहिला आणि अजीजाबी तिच्या जागी राहिली. आगगाडी रुळांवरून जावी तशी आम्ही निघालो. मुनवर मागं सायकलवरून येत होता, तो ओरडला, "हात सोडा बाई! जाईल आपसूक!" मी हात सोडले नाहीत, पण मनातल्या मनात तुला बरंच काही बोलले.

मग ती थांबली. थांबली म्हणजे चाकं फिरत होती, जोरात फिरत होती, पण आम्ही जागच्या जागी होतो. मी खाली उतरून पाहिलं. इतके दिवस मोटारीचं एक चाक मधल्या वरंब्यावर असायचं, म्हणून तिचं पोट वर राहायचं. आता चारही चाकं खोल चाकोऱ्यांत उतरली होती आणि पोट वरंब्यावर टेकलं होतं. शर्यतीच्या मोटारीचं पोट जमिनीपासून किती वर असतं ते तुला सांगायला नको. दगडावर ठेवलेल्या कासवाने पाय हलवावेत, तशी ती चाकं हवेत हलत होती. मुनवरने चाकांकडे पाहिलं होतं, सुताराने चाकांकडे पाहिलं होतं, मी चाकांकडे पाहिलं होतं, आणि तू, सबंध आयुष्य लोखंडात घालवलेला माणूस, तूही चाकांपुढे गेला नाहीस. पोटाचा विचार मराठवाड्यात किंवा पुण्यात एकाही माणसाने केला नाही. मुनवर वाकला, बराच वेळ वाकून राहिला, आणि पाना आणतो म्हणून मुरुमाकडे जो गेला तो त्या दिवशी पुन्हा दिसला नाही.

वाडी तिथून दिसत होती. चावडीही दिसत होती. वर्गाची वेळ होत आली होती, आणि माझे गुडघे तेवढं अंतर चालायला तयार नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर ती पोती उचलून आत नेली जात होती. मी वरंब्यावर बसले. लाज वाटण्यासारखं काही नाही म्हणून सांगते, माझ्या डोळ्यांना पाणी आलं. अजीजाबीने ते पाहिलं, फळा मोटारीला टेकवून ठेवला, पदर खोचला आणि वाडीकडे चालू लागली.

पुढचं तिने सांगितलेलं लिहिते. चावडीवर पाटील उभेच होते. अजीजाबी म्हणाली, "बाई आल्यात. वाटंवर मोटार रुतलीया. पोरींना तिकडं धाडा." पाटील म्हणाले, "तिकडं म्हंजी शिवंच्या भायेर. शाळंसाठी पोरी शीव वलांडत न्हाईत, अजीजाबी. तुला ठावं हाय." त्यावर अजीजाबीने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "शाळंचं नाव कोण घेतंय, पाटील? मोटार ढकलाय धाडा म्हंते म्या. कामाला तर जात्यात ना? का काम बी बंद केलंया?" कामाला नाही म्हणणं पाटलांना जमलं नाही, कारण त्यांच्याच करडईत त्याच पोरी काल खुरपत होत्या. मग म्हणाले, "ढकलून झालं की माघारी." अजीजाबी म्हणाली, "ढकलून झालं की. अल्ला कसम."

मी मान वर केली तेव्हा पोरी येताना दिसल्या. पाटलांची नात शिवकांता पुढं, महेबूब पिंजाऱ्याची सरदारबी तिच्यामागं, आणि बाकीच्या रांगेने. शिवेचा दगड आला तेव्हा क्षणभर सगळ्या थबकल्या. मग सरदारबीने तो ओलांडला, आणि काही झालं नाही हे पाहून बाकीच्यांनी ओलांडला. त्यांनी दप्तरं आणली होती. मोटार ढकलायला दप्तर कशाला लागतं, हे त्यांना वाटेत कुणी विचारलं नाही. त्यांनी ढकलून पाहिलं. मोटार हलली नाही. मग त्या दमल्या म्हणून बसल्या, आणि बसल्याच आहेत तर मी फळा मोटारीच्या चाकाला टेकवला आणि अपूर्णांक घेतले. हरभऱ्याच्या शेतातून कुणीतरी ढाळे उपटून आणले, तेही खाल्ले. इतका चांगला वर्ग त्या खोलीत कधी झाला नव्हता. तिथं करडईचा वास येतो. उन्हं उतरल्यावर सगळ्यांनी मिळून पुन्हा जोर केला, मी गिअर मागं टाकला, आणि मोटार आपण होऊन वरंब्यावरून सुटली. पोरी घरी गेल्या. पाटलांना सांगितलं ते खरंच होतं, ढकलून झाल्यावर त्या माघारी गेल्या.

तेव्हापासून दर खेपेला असंच होतं आहे. उसाच्या गाड्यांनी वाट रोज खोल होते, आणि मोटार दर खेपेला थोडी अलीकडे अडकते. अडकली की अजीजाबी चालत जाते आणि पोरी ढकलायला येतात. पाटलांनी खोलीत अजून बियाणं नेलेलं नाही, कारण बाई आल्या नाहीत असं त्यांना म्हणता येत नाही. बाई रोज येतात, फक्त पोचत नाहीत.

तेव्हा आता माझा प्रश्न ऐक आणि या वेळी पूर्ण वाक्यात उत्तर दे. मुनवर (तो परत आला आहे आणि अजिबात ओशाळलेला नाही) म्हणतो, की चकत्या काढून टाकू, मोटार पहिल्यासारखी तिरकी चालेल, पण वाडीपर्यंत पोचेल. तुझं बेअरिंग एकीकडे, माझी मान एकीकडे. चकत्या काढाव्यात की ठेवाव्यात? तुझा अभ्यास आहे. तू काय म्हणशील ते मी मानेन.

पुण्याला मी येणार नाही. घरातल्या लहानथोरांना माझे आशीर्वाद, आणि पायाला ऊन मिठाचा शेक दे.

तुझी,
रुद्रम्माक्का

ता. क. वरचा शेवटचा प्रश्न वाचून तू 'काढून टाक' असं लिहायला बसला असशील. पेन खाली ठेव. चकत्या ठेवायच्या आहेत. तू फक्त त्या का ठेवायच्या ते लिहायचं आहेस, एंजिनियर म्हणून, हुद्दा लिहून, सही करून. वाडीत माझ्या शब्दाला मान आहे, पण मोटारीच्या बाबतीत पुण्याच्या साहेबाच्या शब्दाला जास्त आहे. का, ते मला विचारू नकोस. मोटार चालवते मी.

ता. क. दुसरा. पत्रात हेही लिही, की या जातीच्या मोटारीला बैल जुंपून ओढणं अत्यंत धोक्याचं आहे, सांगाडा वाकतो. पाटील चांगल्या मनाने म्हणाले, "बाई, पोरी कशाला दमवताय? माझी बैलजोडी लावतो, दोन झटक्यांत काढतो." मी कसंबसं टाळलं. तू लिही, की तिला फक्त हलक्या हातांनी ढकलावं, हात पुष्कळ असावेत, आणि शक्यतो दहा ते बारा वर्षांच्या वयाचे असावेत. मोठ्या माणसांच्या हातांनी रंग जातो म्हणून लिही. मी स्वतः हे सांगितलं असतं, पण कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे मला खोटं बोलता येत नाही. तू म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकलास.

ता. क. तिसरा. एक बारीकसा अडथळा आहे. परवा मोटार ओढ्याच्या अलीकडे अडकली. ओढ्याच्या अलीकडे खडीचा सपाट रस्ता आहे. तिथं चाकोरी नाही, वरंबा नाही, टेकायला काही नाही. मी पाटलांच्या माणसाला एवढंच सांगितलं, की मोटार पुढं जात नाही. मी बंद केलेली मोटार पुढं जात नाही, हे सत्य आहे. पण मुनवर तिच्याभोवती फेऱ्या मारतो आहे आणि डोकं खाजवतो आहे. तेव्हा चकत्या बसवलेली मोटार सपाट रस्त्यावर कशामुळे अडकते, याचं एखादं शास्त्रीय कारण तू तयार कर. लांब असलं तरी चालेल. इंग्रजीत लिही. मी वाचून मराठीत सांगेन, आणि तू काही विसरला असशील तर तेही त्यात सापडेल. पत्र लवकर टाक. मोटार जिथं अडकते तिथून मुरुम आता फार लांब राहिलेलं नाही.

ता. क. शेवटचा. हे पाकीट चिकटवणार होते, पण आजचा वर्ग झाल्यावर एक गोष्ट घडली ती लिहिते. पोरींनी जोर करून मोटार मुरुमाच्या दिशेने वळवली, आणि सगळ्या निघाल्या. सरदारबी मागं राहिली. इकडं तिकडं बघून माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "बाई, आता यवढं आलोयच तर उद्या शाळंच्या दारातच बिघडू द्या की मोटार. तिथं बसाय बाकडी हाईत म्हणं."